वैद्यकीय संशोधनाची खुली भांडारे : बीडच्या वाचकाला त्यांचा काय उपयोग?

जून २०१९ मध्ये राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात एक आकडा सांगितला. बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढण्यात आली होती. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. दोन पाहण्यांची रीत वेगळी आहे, तरी एवढा फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीने पडत नाही.

आकडा कळल्यावर पुढचे प्रश्न येतात. अंगावरून जास्त जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींवर पिशवी काढणे हाच उपाय असतो का? गोळ्या, हार्मोनयुक्त तांबी असे पर्याय कोणाला लागू पडतात? पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईच्या हाडांवर आणि हृदयावर पुढे काय परिणाम होतो? यांची उत्तरे कोणाच्या मतावर अवलंबून नाहीत. ती शोधनिबंधांत आहेत. पण निबंध उघडायला गेले की पुष्कळदा पडद्यावर पाटी येते : हा लेख वाचण्यासाठी ३० ते ५० डॉलर भरा. म्हणजे एका लेखाला अडीच ते सव्वाचार हजार रुपये, आणि तो उपयोगाचा निघेल की नाही हे पैसे भरल्यावरच कळणार.

या पाटीला वळसा घालण्याचा सरळ, कायदेशीर आणि फुकट मार्ग म्हणजे संशोधनाची खुली भांडारे. इंग्रजीत त्यांना ‘ओपन अ‍ॅक्सेस रिपॉझिटरी’ म्हणतात.

भांडार म्हणजे नेमके काय?

नियतकालिक आणि भांडार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियतकालिक लेख मागवते, तज्ज्ञांकडून तपासून घेते आणि छापते. भांडार फक्त साठवते, नीट नोंदी ठेवते आणि कोणालाही वाचायला देते. तपासणीचे काम त्याचे नाही. एखादा लेख भांडारात सापडला म्हणून तो बरोबर ठरत नाही. तो ज्या नियतकालिकात आला त्याची पत भांडारात आल्यामुळे वाढत नाही आणि कमीही होत नाही.

एकाच निबंधाची तीन रूपे असतात, आणि सगळा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. पहिले रूप तपासणीपूर्वीचे, त्याला प्रीप्रिंट म्हणतात. दुसरे, तज्ज्ञांच्या शेऱ्यांनुसार सुधारलेले आणि नियतकालिकाने स्वीकारलेले हस्तलिखित. यात मजकूर पक्का असतो, फक्त छपाईची मांडणी नसते. तिसरे म्हणजे नियतकालिकाच्या पानावरचे छापील रूप. प्रकाशकाचा हक्क प्रामुख्याने या तिसऱ्या रूपावर असतो. बरेच प्रकाशक लेखकाला दुसरे रूप भांडारात ठेवू देतात, काही जण सहा महिने किंवा वर्षभर थांबायला लावतात. म्हणूनच प्रकाशकाच्या संकेतस्थळावर कुलूपबंद असलेला निबंध दुसरीकडे साध्या टंकलिखित रूपात मोकळा सापडतो. त्यात चोरी काही नाही, ते हस्तलिखित लेखकाने स्वतः ठेवलेले असते.

पबमेड वेगळे, पबमेड सेंट्रल वेगळे

वैद्यकातले सर्वांत मोठे खुले भांडार म्हणजे पबमेड सेंट्रल, थोडक्यात पीएमसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ते फेब्रुवारी २००० मध्ये सुरू केले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे एनआयएचचे, प्रमुख हॅरॉल्ड वार्मस यांनी सगळे जैववैद्यकीय संशोधन एका जागी मोफत ठेवण्याची कल्पना मांडली होती. प्रकाशकांनी बराच विरोध केला, मूळ योजना बरीच छाटली गेली आणि उरले ते पीएमसी. आज त्यात एक कोटीहून जास्त लेख पूर्ण वाचता येतात.

पबमेड ही त्याच ग्रंथालयाची दुसरी सेवा. ती सूची आहे. लेखाचे नाव, लेखक, गोषवारा एवढेच ती देते. पूर्ण लेख असेल तर त्याची वाट दाखवते. आपल्याकडे ‘पबमेडमध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन’ असे सर्रास लिहिले जाते, औषधांच्या जाहिरातींतही आणि बातम्यांतही. पबमेडमध्ये काहीच प्रसिद्ध होत नाही. ग्रंथालयाच्या कार्डपेटीत कार्ड असणे याला कोणी पुस्तकाची प्रशस्ती म्हणत नाही, तसेच हे आहे.

पीएमसी वाढले ते सरकारी नियमामुळे. एनआयएचच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे स्वीकृत हस्तलिखित पीएमसीत ठेवणे २००८ पासून सक्तीचे झाले. प्रकाशनानंतर ते बारा महिन्यांच्या आत खुले करावे लागे. १ जुलै २०२५ पासून हा थांबाही गेला. स्वीकृत हस्तलिखित आता प्रकाशनाच्या दिवशीच खुले करावे लागते. युरोपात याचे भावंड म्हणजे युरोप पीएमसी. ते ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झाले आणि २०१२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. भारतातही २०१४ च्या अखेरीस जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी खुल्या प्रवेशाचे धोरण जाहीर केले : या विभागांच्या पैशातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवावेत. कागदावर धोरण चांगले आहे. पण ते न पाळणाऱ्याला एनआयएचसारखा चाप नाही.

पीएमसीत नवे लेख आहेत तसे जुनेही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे १८४० पासूनचे अंक स्कॅन करून तिथे ठेवलेले आहेत. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि डिसेंबरात त्यावर लिहिले, तो लेखही त्यांत आला. त्या वेळी सिकंदराबाद आणि बीड दोन्ही निजामाच्या राज्यात होते. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो कागद आज गेवराईतला शाळकरी मुलगा मोबाइलवर उघडू शकतो.

विंचवाच्या दंशाचे उदाहरण

मराठवाड्यात आणि कोकणात लाल विंचू काही नवा नाही. एकेकाळी त्याच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, हृदयावर ताण येऊन आणि फुप्फुसात पाणी होऊन दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना माहीत आहे. रायगड जिल्ह्यात बिरवाडी आणि महाड इथे काम करताना त्यांनी या रुग्णांची बारकाईने टिपणे ठेवली, आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी या दंशावर वापरली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

नंतर विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाली, तेव्हा प्रश्न उभा राहिला : नुसती प्राझोसिन पुरे, की सोबत लसही द्यावी? महाडमध्ये ७० रुग्णांची चाचणी झाली. ३५ जणांना दोन्ही, ३५ जणांना फक्त प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटातले ३२ जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले ८. हा निबंध २०११ मध्ये ‘बीएमजे’त, म्हणजे त्याच जुन्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, आला. बीएमजे आपले संशोधन निबंध सगळ्यांना खुले ठेवते आणि ते पीएमसीतही जातात.

यातला फरक लक्षात घ्यावा. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ मुळात वर्गणीदारांचे होते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या डॉक्टराने ग्रामीण महाराष्ट्रातल्या रुग्णांवर लिहिलेले टिपण वाचायला मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. २०११ चा निबंध मात्र धारूरच्या किंवा शिरूर कासारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी रात्री दोन वाजता, रुग्ण समोर असताना, औषधाच्या मात्रेसह वाचू शकतो. भांडारांचा उपयोग काय, याला याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

मुंबईतून निघालेली वाट

खुल्या वैद्यकीय प्रकाशनाचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि त्याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांची संस्था १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. या शतकाच्या सुरुवातीला ते इंटरनेटवर मोफत उपलब्ध झाले. त्यामागचे तंत्र आणि व्यवस्था मेडनो या मुंबईच्या छोट्या कंपनीची. ती डॉ. देवकुमार साहू या बालरोगतज्ज्ञांनी उभी केली होती.

मेडनोची रीत धाडसाची होती. वाचकाकडून पैसे नाहीत, आणि बहुतेक नियतकालिकांत लेखकाकडूनही नाहीत. खर्च निघायचा छापील अंकांच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून. मोफत ठेवले तर छापील अंक कोण घेणार, अशी भीती संपादकांना होती. घडले उलटेच : लेख जगभर वाचले जाऊ लागले, परदेशातून लेख येऊ लागले, नियतकालिकांचे नाव झाले. भारतीय वैद्यक संघटनांची पुष्कळ नियतकालिके मेडनोकडे आली आणि त्यांतली अनेक पीएमसीत पोहोचली. २०११ मध्ये मेडनो कंपनी व्होल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली.

मुंबईचेच ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ १९९३ पासून निघते आणि मोफत वाचता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, १९१३ साली सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही खुले आहे. गर्भाशय शस्त्रक्रियांसारख्या विषयावर भारतीय संदर्भ हवा असेल तर सुरुवात इथून करावी. लंडन-न्यूयॉर्कच्या नियतकालिकांकडे नंतर जाता येते.

मोफत वाचन, पण खर्च कोणाचा?

वाचकाकडून घ्यायचे नाहीत तर पैसे कुठून आणायचे, याला प्रकाशकांनी काढलेले उत्तर म्हणजे लेखकाकडून शुल्क. नामांकित नियतकालिकांत ते दोन-तीन हजार डॉलर, काहींत त्याहून बरेच जास्त असते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या व्याख्यात्याला हे परवडणारे नाही. कुलूप वाचकाच्या दारावरून काढून लेखकाच्या दाराला लावल्यासारखे झाले. आधी बीडला वाचता येत नव्हते, आता लिहिता येत नाही.

हस्तलिखित भांडारात ठेवण्याचा मार्ग इथे कामाला येतो, कारण त्याला शुल्क नाही. निबंध वर्गणीच्या नियतकालिकात फुकट छापायचा आणि प्रकाशकाच्या नियमाप्रमाणे स्वीकृत हस्तलिखित खुल्या भांडारात ठेवायचे. कष्ट दहा मिनिटांचे. तरीही आपल्याकडे फार थोडे लेखक ते करतात. हा हक्क आपल्याला आहे हेच अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

शुल्काच्या रीतीतून दुसरी कीडही लागली. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी निबंध मोजले जातात, त्यामुळे पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापून देणारी बनावट नियतकालिके फोफावली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून एकदम ४,३०५ नियतकालिके काढली, यावरून पसारा कळावा. ही सगळी ‘खुली’ म्हणूनच मिरवत होती. म्हणून लेख फुकट वाचायला मिळतो एवढ्यावर विसंबू नये. नियतकालिक कोण चालवते, संपादक मंडळ खरे आहे का, ते मेडलाइन किंवा डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या निर्देशिकेत आहे का, हे पाहावे. पीएमसीतही सगळे एका दर्जाचे नाही. एनआयएचच्या पैशातले हस्तलिखित नियतकालिक कोणतेही असले तरी तिथे जमा होते.

‘एक देश, एक वर्गणी’ने प्रश्न सुटला का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून ती चालू आहे. राज्य सरकारच्या महाविद्यालयांचाही तीत समावेश असल्याने जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयांना दार उघडले, आणि ही गोष्ट लहान नाही.

पण दार संस्थेचे आहे, गावाचे नाही. केजमध्ये दवाखाना चालवणारा डॉक्टर, परळीतला पत्रकार, माजलगावच्या ऊसतोड महिलांबरोबर काम करणारी कार्यकर्ती, आशा सेविका, आपल्या बायकोची फाइल घेऊन दुसरे मत शोधणारा नवरा, यांच्यापैकी कोणीही त्या यादीत बसत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याचेही दार बंद. शिवाय वर्गणी दर वेळी भरावी लागते. भांडारात एकदा ठेवलेला लेख पुढच्या वर्षी पैसे मागत नाही. योजना वाईट आहे असे नव्हे, पण तिला खुला प्रवेश म्हणणे चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘हिनारी’ ही सेवा २००२ पासून गरीब देशांतल्या संस्थांना नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात देते. पात्रता देशाच्या पातळीवर ठरते आणि भारत तीत नाही. साय-हब हे बेकायदा संकेतस्थळ अनेक वर्षे भारतीय विद्यार्थ्यांचा मोठा आधार होते. त्याविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. तेव्हापासून कायदेशीर भांडारे वापरता येण्याला जास्त महत्त्व आले आहे.

प्रीप्रिंट वाचताना

बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आणि मेडआर्काइव्ह जून २०१९ मध्ये सुरू झाले. इथे निबंध तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ठेवतात. कोविडच्या काळात याचा मोठा उपयोग झाला आणि धोकाही दिसला. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांच्या एका गटाने नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे सापडल्याचा निबंध बायोआर्काइव्हवर ठेवला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या चुका दाखवल्या आणि दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. निबंध गेला, पण त्यावरून उठलेल्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे कितीतरी महिने फिरत होत्या. प्रीप्रिंटच्या माथ्यावर तो तपासलेला नसल्याची सूचना असते. उपचाराचा निर्णय त्यावरून घेऊ नये.

प्रत्यक्ष शोधताना

पबमेडच्या शोधचौकटीत विषयाचे इंग्रजी नाव आणि सोबत ‘इंडिया’ किंवा ‘महाराष्ट्र’ इंग्रजी अक्षरांत लिहावे. डाव्या बाजूला ‘फ्री फुल टेक्स्ट’ अशी खूण करायची चौकट असते. ती निवडली की कुलूपबंद लेख गळतात. मराठीत लिहून मात्र काहीही हाती लागत नाही. नुसते ‘बीड’ लिहूनही फारसा उपयोग नाही, कारण जिल्ह्याचे नाव बहुधा लेखाच्या पोटात असते, शीर्षकात नसते. त्यासाठी पीएमसी किंवा युरोप पीएमसी वापरावे. ती पूर्ण मजकुरात शोधतात.

लेख सापडल्यावर आधी माथा पाहावा. लेख मागे घेतला गेला असेल तर पबमेड तसे ठळक लिहिते. मग तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. एका रुग्णालयातल्या चाळीस रुग्णांचे निरीक्षण आणि अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा यांचे वजन सारखे नसते. गर्भाशयाच्या प्रश्नावर वाचताना वय आणि अंडाशये काढली की राखली, हे दोन तपशील सोडू नयेत. साठीतल्या युरोपीय बाईवरचा निष्कर्ष पंचविशीतल्या ऊसतोड कामगार बाईला जसाच्या तसा लागू होत नाही.

मोफत वाचता येतो म्हणून लेख छापून वाटता येतोच असे नाही. त्यासाठी परवान्याची ओळ पाहावी लागते. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा सर्वांत मोकळा परवाना असेल तर श्रेय देऊन मराठी भाषांतरही करता येते, नुसता ‘मोफत वाचन’ असेल तर नाही. आणि लेख कुठेच खुला नसेल तर लेखकाला ईमेल पाठवून प्रत मागावी. बहुतेक लेखक आनंदाने देतात, त्यांना वाचक हवाच असतो.

जे भांडारात नाही

बीडबद्दल सर्वांत जास्त माहिती जिथे आहे, ते कागद या भांडारांत येत नाहीत. समित्यांचे अहवाल हे नियतकालिकातले लेख नव्हेत, म्हणून पीएमसी ते घेत नाही. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. अंबाजोगाईत लिहिले जाणारे प्रबंध याच परिसरातल्या रुग्णांवरचे असतात : सर्पदंश, विषबाधा, बाळंतपणातला रक्तक्षय. देशातल्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे इन्फ्लिबनेटचे खुले भांडार आहे, पण ते मुख्यतः पीएचडी आणि एमफिलचे आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाते, विद्यार्थी परीक्षा देऊन निघून जातो, आणि त्याच विषयावर पुढच्या तुकडीतला कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.